जुनी आलिशान गाडी : घसारा आणि दुरुस्ती

पेढीच्या नावे १ कोटीला घेतलेल्या एसयूव्हीवर आयकराच्या नियमाप्रमाणे दरवर्षी १५ टक्के घसारा धरला, तर १० वर्षांनी वहीत सुमारे २० लाख रुपये उरतात. बाजारभावही असाच उतरतो आणि जुन्या गाडीचा सौदा लाभाचा भासतो. परंतु घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना नाही. २० लाखांच्या या गाडीची दुरुस्ती १ कोटीच्या गाडीच्याच दराने होते.

पहिला नेहमीचा दोष एअर सस्पेन्शनचा. रबरी फुगे कालांतराने चिरतात, हवा झिरपते. ती भरून काढताना कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि अखेरीस निकामी होतो. म्हणून गाडी सकाळी, इंजिन सुरू होण्यापूर्वी पाहावी. एखादा कोपरा रात्रीतून खाली बसला असेल, तर खर्च अटळ समजावा.

दुसरा दोष पाण्याचा. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पावसाचे पाणी गालिच्याखाली मुरते आणि तेथील वायरिंग खराब होते. अंधेरीच्या सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरते, हे आपण जाणतोच. तेव्हा गालिचा उचलून ओल व गंज तपासावा, विम्याच्या दाव्यांची माहितीही मागावी.

नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होताच फेरनोंदणी व पर्यावरण कर येतो, हेही हिशेबात धरावे.

बँक कर्ज देताना तारणाबरोबर परतफेडीची ऐपतही पाहते. तद्वत दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढता येत असेल, तरच गाडी घ्यावी. ती दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढावी लागणार असेल, तर साधी नवी गाडी बरी.