रद्दीतला नवा करार

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमच्या दोंडाईचातले एक रद्दीवाले चाचा माझ्याकडे आले. पिशवीत निळ्या पुठ्ठ्याचं लहानसं पुस्तक होतं, मराठीतला ‘नवा करार’. कुणाच्या तरी माळ्यावरच्या रद्दीत आलेला. चाचा मराठी हळूहळू वाचतात. म्हणाले, “सर, पहिल्याच पानावर अब्राहाम, इसहाक, याकोब आहेत. हे आपलेच नबी ना? मग याची पानं पुड्या बांधायला कशी देऊ? आणि घरात ठेवावं तर मुलगा म्हणतो, बदललेली किताब आहे, फेका बाहेर.”

मुलगा बी.कॉम. झालेला, मोबाईलवर रोज बयान ऐकणारा. त्याचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण त्याने अर्धीच गोष्ट ऐकली आहे.

अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग आहे. मदिनेत यहुदी एका गुन्ह्याचा निवाडा मागायला हुजूर पैगंबर (स.) यांच्याकडे आले. त्यांना बसायला गादी दिली होती. आपने तौरात मागवली आणि ती आली तेव्हा स्वतःखालची गादी काढून तिच्यावर ती किताब ठेवली. तिच्यावर आणि ती उतरवणाऱ्यावर आपला ईमान असल्याचं सांगितलं. समोरची मंडळी तिच्यातला हुकूम लपवत होती, हे ठाऊक असतानाही गादी दिली. लपवणारे वेगळे आणि किताब वेगळी.

दुसरीकडे हजरत उमर (रजि.) अहले किताबकडून मिळालेला काही मजकूर घेऊन आले, तेव्हा आप नाराज झाले. मूसा (अ.) आज हयात असते तर त्यांनाही माझ्याच मागे यावं लागलं असतं, असा त्या बोलण्याचा आशय. ही रिवायत मुस्नद अहमदमध्ये आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. बुखारी शरीफमध्ये मात्र स्पष्ट आहे की अहले किताब जे सांगतील त्याला खरंही म्हणू नका, खोटंही म्हणू नका. त्याच बुखारीत बनी इस्राईलकडून ऐकलेलं सांगायला हरकत नाही, अशीही मुभा आहे. आणि हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना तर यहुद्यांची लिपी शिकण्याचा हुकूमच झाला होता. ते अर्ध्या महिन्यात शिकले. (आमच्या सातवीला अलिफ-बे आणि बाराखडी एकत्र सांभाळताना वर्ष जातं, ते असो.)

मग ‘बदललेली’ म्हणजे काय? इथे उलेमांचं एकमत नव्हतं. अल्लाहच्या किताबातले शब्द कुणी पुसू शकत नाही, अर्थ फिरवला जातो, असं मत इमाम बुखारींनी नोंदवलं आहे. स्पेनमधले इब्ने हज्म (मृत्यू 1064) यांनी उलट तौरातमधले आकडे नि वंशावळी ताडून पाहिल्या आणि मजकूरच बदलला आहे, असं ठामपणे मांडलं. पण त्यासाठी त्यांना ती किताब बारकाईने वाचावी लागली! 15व्या शतकात कैरोतले बुरहानुद्दीन बिकाई यांनी तर आपल्या तफसीरमध्ये तौरात-इंजीलचे उतारेच घेतले. वाद उठला, तेव्हा बचावासाठी वेगळी किताब लिहिली.

चाचांच्या कामाची गोष्ट मला हनफी फिकहमध्ये सापडली. आपल्या खानदेशात बहुतेक घरं हनफी. दमिश्कचे हस्कफी (मृत्यू 1677) यांच्या ‘दुर्रे मुख्तार’मध्ये मसला आहे की गुस्लची गरज असलेल्याने तौरात, इंजील, जबूर वाचणं मकरूह. कारण हे सगळं अल्लाहचं कलाम आहे, आणि त्यातलं बदललेलं नेमकं कोणतं ते ठरलेलं नाही. ‘बदललेली आहे’ म्हणून मुलगा फेकायला निघाला होता. हस्कफी त्याच माहितीवरून अदब सांगतात. कोणती ओळ मूळची ते माहीत नाही, तर सगळीच जपून हाताळायची.

1580 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेलं बायबल अकबरापुढे ठेवलं, तेव्हा त्याने ते चुंबून डोक्यावर धरलं, असं त्यांच्यातल्याच मोन्सेरात यांनी लिहून ठेवलं आहे. अकबराच्या दीनबद्दल उलेमांना काय वाटत होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण किताब डोळ्यांना लावून डोक्यावर घेण्याची ही रीत त्याने दरबारात शोधलेली नव्हती, ती आपल्या आयाबायांची आहे.

आणि आपल्या कोकणातले बेने इस्राईल! मराठी बोलणारे यहुदी, तौरात मानणारे. ते आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. 1796 मध्ये मुंबईत त्यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, त्याचं लोकांच्या तोंडचं नाव ‘जुनी मशीद’.

हे सगळं चाचांना एका बैठकीत सांगून झालं नाही. तीनदा चहा झाला. तिसऱ्या वेळी मुलगाही आला, दुर्रे मुख्तारचा हवाला कुठल्या बाबात आहे ते विचारून त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मी म्हटलं, मौलानांनाही विचार, मी शाळामास्तर आहे.

पुस्तक चाचांनी धुतलेल्या रुमालात बांधलं. नंदुरबारकडच्या माझ्या एका ख्रिस्ती शिक्षकमित्राला मी ते पुढच्या रविवारी नेऊन दिलं. त्याने रुमाल परत केला, इस्त्री करून.