बेदाण्याचा दर अन् एक कागद : बाहेरून येणाऱ्या मालाचं मूळ तपासतं कोण?

तासगाव-सांगलीच्या सौद्यात बेदाण्याचा दर खाली आला की पहिला प्रश्न ठरलेला, बाहेरचा माल उतरला का? २०२५ साली उत्पादन घटलं होतं, दर चांगले होते. त्याच वेळी चीनचा बेदाणा अफगाणिस्तानचा म्हणून बाजारात घुसवला जातोय, अशी ओरड द्राक्ष बागायतदारांनी केली. आयात बंद करा, अशी मागणीही झाली. पण बेदाण्यावर आयात शुल्क आधीच आहे, अन् तेही शंभर टक्के. एवढा कर असताना स्वस्त माल येतो कसा, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर एका कागदात आहे. अफगाणिस्तान हा साफ्टा या दक्षिण आशियाई व्यापार करारातला अल्पविकसित देश. दारू अन् तंबाखू सोडली तर त्याच्या मालाला भारतात सीमाशुल्क लागत नाही. चीन या करारात नाही. समजा १५० रुपये किलोचा बेदाणा बंदरात आला. तो चीनचा म्हणून दाखवला तर मूळ शुल्कच १५० रुपये, बाकीचे कर वेगळे. तोच अफगाणिस्तानचा म्हणून दाखवला, सोबत तिथलं मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं, की शुल्क शून्य. किलोमागे १५० रुपयांचा फरक, अन् तो पडतो एका प्रमाणपत्रावर. आपल्याकडं चार किलो द्राक्षं वाळवून एक किलो बेदाणा होतो. औषधं, डिपिंग, शेडभाडं, मजुरी, कोल्ड स्टोरेज हे सगळं धरून तो १५० रुपयांना कसा परवडायचा?

अफगाणिस्तानचा खरा बेदाणा काही आपला दुष्मन नाही. तिथली किसमिस अन् मनुका पिढ्यान् पिढ्या इकडं येतात, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. भांडण आहे ते खोट्या नावाच्या मालाशी. हा प्रकार एकट्या बेदाण्यात घडतो असंही नाही. व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येते, ही तक्रार केरळ-कर्नाटकच्या शेतकऱ्यांनी केली होती. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं मिरीला किलोला ५०० रुपये किमान आयात दर लावला.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. २०२० च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क कायद्यात २८डीए हे कलम आलं, अन् २१ सप्टेंबर २०२० पासून त्याचे नियम लागू झाले. व्यापारी त्यांना 'कॅरोटार' म्हणतात. त्याआधी प्रमाणपत्र दाखवलं की बहुतेक वेळा काम भागत होतं. आता नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल त्या देशात कसा पिकला, कुठल्या निकषावर तो त्या देशाचा ठरतो, ही माहिती आयातदाराकडं आधीच असली पाहिजे. अधिकाऱ्यानं मागितली तर दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची, अन् कागद पाच वर्षं जपून ठेवायचे. शंका आली तर अधिकारी त्या देशाकडं पडताळणी पाठवू शकतो. तोवर माल सोडवायचा तर वाचलेल्या कराएवढी हमी भरावी लागते.

बाकीची कामं रोजचीच. डीजीएफटीचा आयात-निर्यात कोड लागतो. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरावं लागतं; उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार, पुढं रोज १० हजार. खायचा माल असेल तर एफएसएसएआयची मंजुरी. कर किती, माल कुठला, हे आयातदार स्वतःच जाहीर करतो. ब्रोकरनं भरलं, मला ठाऊक नाही, हे सांगून सुटका होत नाही.

इथं गावाकडच्या पोरांनी कान टवकारावेत. आयात-निर्यात कोड पॅनवर निघतो. मोबाईलवरून अर्ज, फी ५०० रुपये. कागद कुणाच्या तरी नावाचे अन् धंदा भलत्याचाच, अशी प्रकरणं तपासात पुन्हा पुन्हा निघतात. "फक्त पॅन-आधार दे, दर कंटेनरला एवढे पैसे देतो," असं कुणी म्हणालं तर पुढची नोटीस त्या पोराच्याच नावावर येणार. कर बुडवण्यासाठी माहिती लपवली असं निघालं तर पाच वर्षं मागचा कर काढता येतो. वर व्याज, अन् कराएवढा दंड.

मग एवढा कायदा असून तक्रारी का थांबत नाहीत? एक कारण म्हणजे रस्ता लांबला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीची चौकी बंद झाली. मे महिन्यात अडकलेले काही अफगाणी ट्रक तेवढे आत घेतले. खुश्कीची वाट अडली की माल इराणमार्गे समुद्रानं येतो. हात जास्त लागले की मूळ तपासणंही अवघड होतं.

दुसरं कारण जास्त जड आहे. तपासणीची खरी जागा बंदर. सोन्यासारख्या ठरावीक वस्तू कुणाकडं सापडल्या तर त्या चोरट्या नाहीत हे बाळगणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. बेदाण्याला तसं नाही. न्हावाशेव्यातून एकदा बाहेर पडला की तो चीनचा होता हे सिद्ध करायचं ओझं सरकारी खात्यावर येतं. म्हणून सौद्यात आरडाओरडा करून फार काही हाती लागत नाही.

हाती लागेल तो पुरावा खोक्यावर असतो. आयात केलेल्या खाद्यमालाच्या पाकिटावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता अन् एफएसएसएआय परवाना क्रमांक छापलेला असावा लागतो. संशयित माल दिसला तर त्या लेबलचा फोटो, तारीख, कुठल्या गोदामात दिसला हे सगळं लिहून सीमाशुल्क विभागाकडं किंवा डीआरआयकडं दिलं तर चौकशीला धागा मिळतो. बाजार समित्यांनीही बाहेरच्या मालासोबत बिल ऑफ एंट्रीची प्रत मागायला सुरुवात करावी. शेतकऱ्याकडून सातबारा मागतातच की. अडचण एवढीच, की तो माल इथल्या साध्या पंधरा किलोच्या बॉक्समध्ये ओतला की लेबल जातं, अन् मग चीनचा कुठला अन् तासगावचा कुठला हे रंगावरून सांगत बसावं लागतं.