आधी देश, मग डिग्री

मंडळी, आज कोडिंगबिडिंग काही नाही. हल्ली गावाकडून एक प्रश्न वारंवार येतोय. "दादा, परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय, कायमचंच म्हण. कुठला कोर्स करू?" विचारणारी मुलं-मुली सातारा-सांगलीकडची, इंग्रजी घेऊन बी.ए. किंवा एम.ए. झालेली, कुठेतरी तासिका तत्त्वावर राबणारी. कोर्ससाठी घरची एफडी मोडायचीही तयारी. म्हणून उत्तर जपून द्यायला हवं.

माझं मत विचाराल तर प्रश्नच उलटा आहे. रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहायला बसलेल्याला आमचा टीम लीड काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही! इथेही तेच. आधी देश ठरवा, मग डिग्री.

उदाहरण घ्या. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो, तिथे आधी पासपोर्टचा रंग बघतात. पण भारत-कोरिया करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि भारतीयांसाठी एक खिडकी उघडली. सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं, मात्र पदवीसोबत इंग्रजी शिक्षकाची रीतसर पात्रता लागते. आपल्याकडे शिक्षकाची पात्रता म्हटलं की बी.एड. आलंच. नेटवर घेतलेलं सर्टिफिकेट तिथे उपयोगाचं नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी भारतातल्या शिक्षकांनाही तिथल्या शिक्षक-पात्रतेसाठी अर्ज करायची मुभा दिली. बातमी वाचून आपल्याकडच्या कितीतरी जणांनी बॅगा भरल्या असतील. पण विषय कोणते? गणित, विज्ञान आणि भाषा. त्या भाषांत इंग्रजी नाही! साहेबाला इंग्रजी शिकवायला आपण नको, फिजिक्स शिकवायला चालतो. असो.

आता कोर्सकडे येऊ. 'टेफल' हे कुठल्या एका परीक्षेचं नाव नाही, परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे '१२० तासांचं टेफल' कुणीही विकू शकतो आणि विकतातही. केंब्रिजचं 'सेल्टा'सुद्धा साधारण १२० तासांचंच, मग फरक काय? सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी तुमचे दोष टिपून घेत असतं. जाहिरातीत तास मोजू नका. मला शिकवताना कोण बघणार, एवढंच विचारा.

आपल्याकडे हे नवीन आहे का? विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले बघा. सोनं-चांदी गाळायचं काम शिकून ही माणसं दुष्काळी तालुक्यातून निघाली आणि देशभर पसरली. सर्टिफिकेट कुणाकडे होतं? पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली हात बसलेला होता, आणि कुठल्या गावात आपलं काम चालेल ते आधी गेलेल्यांना विचारून निघायचे.

लांबचा विचार असेल तर मी असा क्रम लावीन. पहिलं बी.एड. साताऱ्यात 'रयत'चं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला खोली घ्यायची गरज नाही. आखातातल्या भारतीय शाळांच्या जाहिराती काढून बघा, बी.एड. आणि अनुभव बहुतेक ठिकाणी मागतात. दुसरं, एखाद्या शाळेत दोन-तीन वर्षं नीट शिकवा आणि अनुभवाचं पत्र वेळेवर घ्या. तिसरं सेल्टा, तेही ठरवलेल्या देशात त्याला मान असेल तर. पुढे शिक्षकांना शिकवायची इच्छा झाली तर त्याच्या वरचं 'डेल्टा', किंवा हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठातला या विषयाचा अभ्यासक्रम. १९५८ मध्ये ही संस्था निघाली तीच मुळी इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी.

तुम्ही म्हणाल, बी.एड.मध्ये वर्षं जातात, सेल्टा महिन्यात होतं. खरं आहे. पण नियम बदलला, व्हिसा संपला किंवा आईचं आजारपण निघालं आणि परत यावं लागलं, तर सांगलीतल्या शाळेत सेल्टाच्या कागदावर कायमची नोकरी मिळणार नाही. बी.एड. दोन्हीकडे चालतं. कायमचं जायचं म्हणणाऱ्याने परतीचाही विचार करावा, हे कुणाला रुचणार नाही, पण मी तरी हेच सांगतो.

तेव्हा एफडी मोडण्याआधी एक रविवार काढा. त्या देशाच्या वकिलातीची साइट उघडा आणि व्हिसाच्या अटी ओळ न ओळ वाचा. एजंटाला फोन त्यानंतर.