सरोवराकाठचा एक दिवस



मे-जूनच्या सुटीत कुटुंबासह स्वित्झर्लंडला जाणे ही आता मराठी घरांत अपूर्वाईची गोष्ट उरलेली नाही. मुलगा-सून तिकिटे काढतात, नातवंडे बर्फात काय काय करायचे ते ठरवून ठेवतात आणि आजी-आजोबांनी फक्त ‘हो’ म्हणायचे असते. या अंकात त्या ‘हो’विषयी थोडे बोलू.

आपल्याकडच्या बहुतेक सहली ज्या भागात मुक्काम करतात तो बर्नीज ओबरलँडचा प्रदेश. थुन आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मधोमध इंटरलाकेन हे गाव वसले आहे. नावाचा अर्थच ‘सरोवरांच्या मध्ये’ असा. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर, म्हणजे साधारण आपल्या पुण्याइतकी. तेथे कोणालाही धाप लागण्याचे कारण नाही. प्रश्न निर्माण होतो तो सहलीच्या पत्रकातील सर्वांत मोठ्या छायाचित्रामुळे. ते छायाचित्र असते युंगफ्राउयोखचे.

हे रेल्वेस्थानक ३,४५४ मीटरवर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. लेह शहराची उंची जवळपास तेवढीच आहे. लेहला विमानाने गेलेल्या पाहुण्यांना पहिले एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहण्यास सांगतात, हे आपण ऐकलेच असेल. येथे मात्र न्याहारी आटोपून वर जायचे आणि संध्याकाळच्या आत खाली यायचे, असा बेत असतो. डोंगर पोखरून नेलेली ही दातेरी चाकांची रेल्वे १९१२ साली शिखराखालच्या खिंडीपर्यंत पोहोचली. आता २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून नवा पाळणा सुमारे पंधरा मिनिटांत २,३२० मीटरपर्यंत नेऊन सोडतो आणि तेथून पुढे रेल्वेचा अर्ध्या तासाहून कमी प्रवास उरतो. प्रवास सुखाचा झाला, यात शंका नाही. पण शरीराला सवय होण्यासाठी लागणारी सवड तेवढीच कमी झाली.

वरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. हवेचा दाब मात्र समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू घटतो, आणि ही तूट भरून काढण्यासाठी हृदय व फुप्फुसे यांना अधिक काम करावे लागते. निरोगी माणसालाही वर पायऱ्या चढताना धाप लागते, क्वचित डोके हलके वाटते. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना छातीत दुखणारे, हृदयाची झडप वा पंपाचे काम क्षीण झालेले, दमा किंवा धूम्रपानाने फुप्फुसे बिघडलेली, रक्तक्षय असलेले, अशा सर्वांनी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उंचीचा नेमका आकडा सांगून विचारावे. ‘स्वित्झर्लंडला जाऊ का?’ असे मोघम विचारले, तर ‘अवश्य जा’ असेच उत्तर मिळेल! घरचा एक जिना चढताना ज्यांना मध्ये थांबावे लागते, त्यांना हा प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नाही. उंचीवरील त्रासाच्या गोळ्या कोणी सहप्रवाशाने दिल्या म्हणून परस्पर घेऊ नयेत.

मला अधिक काळजी वाटते ती मौनाची. आपल्यामुळे मुलांचा दिवस वाया जाऊ नये म्हणून ज्येष्ठ मंडळी होणारा त्रास बोलत नाहीत. पैसे भरलेले असतात, सगळा गट निघालेला असतो; अशा वेळी ‘मी खालीच थांबतो’ म्हणणे जड जाते. म्हणून हा निर्णय घरी, निघण्याच्या आधी, शांतपणे व्हावा. आणि वडिलांबरोबर खाली कोण थांबणार, हेही तेव्हाच ठरावे. वर गेलाच असाल तर पावले सावकाश टाका, वारंवार पाणी प्या, काळा चष्मा डोळ्यांवरून काढू नका. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही जाणवले, तर छायाचित्रांचा मोह सोडून पुढच्याच गाडीने उतरावे. उतरणे हाच त्यावरचा पहिला उपचार होय. छातीत दुखू लागले, तर मात्र गाडीची वाट न पाहता तेथल्या कर्मचाऱ्यांना तत्काळ सांगावे.

खाली थांबणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते, ही समजूत मात्र खरी नव्हे. इंटरलाकेनहून ब्रिएन्झला जाणारी नौका सव्वा तासाच्या आसपास घेते. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या सूक्ष्म भुकटीमुळे त्या सरोवराच्या पाण्याला दुधी निळाईची झाक येते. वाटेत गीसबाखचा धबधबा लागतो. या सरोवरावर १९१४ सालची वाफेवर चालणारी जुनी नौकाही अजून फेऱ्या करते. बर्फाच्छादित शिखरे पाहायचीच असतील, तर गावातूनच दोरीच्या रेल्वेने हार्डर कुल्म या १,३२२ मीटरच्या टेकडीवर दहा मिनिटांत जाता येते. उंची साधारण महाबळेश्वराइतकी. आणि समोर आयगर, म्योंख व युंगफ्राउ, पायाशी दोन्ही सरोवरे. माझ्या मते सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी हा दिवस वरच्या दिवसापेक्षा उजवाच ठरतो.

आता औषधांचे. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे रात्रीची गोळी हमखास विसरते. इन्सुलिन व गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कोठ्यात ते गोठण्याची भीती असते. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी कमी पिणे आणि बसमध्ये तासन् तास पाय न हलवणे, या दोन्ही सवयी तेथे महागात पडतात. नळाचे पाणी निर्धास्त पिण्याजोगे असते.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. परंतु पूर्वीपासूनचा मधुमेह वा हृदयविकार त्यात धरला आहे का, हे स्वतः वाचून पाहावे. आजार, औषधांची मूळ नावे, मुक्कामाचा पत्ता आणि तेथील रुग्णवाहिकेचा १४४ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आजोबांच्या खिशात आणि आजींच्या पर्समध्येही असू द्यावी.