विश्लेषण : भारताची कसोटी फलंदाजी खरेच भक्कम आहे का?

२०२५च्या इंग्लंड दौऱ्यात शुभमन गिलने पाच कसोटींत ७५४ धावा केल्या. तेवढ्यावरून फलंदाजी भक्कम म्हणावी, तर मायदेशातील आकडे आड येतात. २०२४मध्ये पुण्यात न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. वानखेडेवर १४७ धावांच्या लक्ष्यासमोर भारत १२१ धावांत आटोपला. २०२५मध्ये कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावाही झाल्या नाहीत. दुखणे फिरकीचे आहे. कर्णधार बदलून ते जाणार नाही. वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर रणजी सामन्यांत तासन् तास उभे राहावे लागेल. मालेगावसारख्या शहरांतील मुलांना टेनिस बॉलचे झटपट सामनेच खेळायला मिळाले, तर उद्याचा बचाव घडणार कुठे?