लॉक नट आणि मिस्त्रीची मजुरी

गेल्या महिन्यात मालेगावहून भिवंडीला माल पाहायला जाताना कसारा घाट उतरल्यावर आमच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी होती, जॅक होता. पण चोरीच्या भीतीने प्रत्येक चाकाला एकेक लॉक नट बसवलेला आणि त्याच्या चावीचे दाते झिजलेले. मागे एका टायरवाल्याने हवेची गन थेट चावीवर चालवली होती, त्याची ही करामत!

जवळच्या मिस्त्रीने चाक जमिनीवर असतानाच नटापेक्षा किंचित लहान गोटी हातोड्याने नटावर घट्ट ठोकली, लांब दांडा लावला आणि बेताने फिरवून नट काढला. काही नटांवर फिरते कडे असते, तिथे हा इलाज चालत नाही. ड्रिलने पोखरावे लागते. तेही जाणकाराचेच काम.

त्याने तीनशे रुपये मागितले. आमचे सोबती म्हणाले, "दहा मिनिटांचे एवढे?" गिऱ्हाईक आपल्या थानाच्या भावावर असेच बोलते तेव्हा आपल्याला राग येतो. मग कारागिराच्या हुनराची किंमत आपण घड्याळ पाहून का करावी? घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही आपली शिकवण. आम्ही पुरे पैसे दिले.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती : लॉक नट हातानेच खोलायला सांगा. चावीचा नंबर वहीत लिहून ठेवा. त्यावरून नवी चावी मागवता येते. आणि मिस्त्रीशी घासाघीस करू नका.