भाट म्हणू नका

पश्चिम आफ्रिकेतील 'जेली' या कलावंताचा परिचय मराठीत करून द्यायचा झाला, की लेखणीतून आपसूक 'भाट' हा शब्द उतरतो. कोशात तो निरुपद्रवी असेल. परंतु व्यवहारात 'भाटगिरी' कशाला म्हणतात हे वाचकांना सांगायला नको. नाव देतानाच आपण त्या माणसाला कोणा धनिकाच्या दारात हात पसरून उभे करतो. माझे भांडण या एका शब्दापासून सुरू होते, पण तेथे संपत नाही.

माली, गिनी, गांबिया, सेनेगल या देशांत पसरलेल्या मांदे समाजात जेली हा वंशपरंपरेने गायक-वादक असतो. फ्रेंचांनी त्याला 'ग्रिओ' म्हटले. कुयाते, दियाबाते, सिसोको, सुसो ही आडनावे ऐकली की जाणत्याला घराणे कळते. तेराव्या शतकात सुन्दियाता केइता याने माली साम्राज्य उभारले, त्याची कथा शतकानुशतके याच घराण्यांनी मुखोद्गत राखली. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी ती १९६० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कथा सांगणारे जेली मामादू कुयाते ग्रंथाच्या आरंभीच आपले नाव व कुळ सांगतात. नियान यांनी ते प्रामाणिकपणे राखले. तरीही लेखक म्हणून जगाला ठाऊक झाले ते इतिहासकारच. वंशावळी जपणे, सोयरीक जुळविणे, दोन कुळांतले वैर मिटविणे आणि प्रसंगी धन्याला त्याच्या पूर्वजांची आठवण देऊन लाजविणे ही ज्याची कामे, त्याला खुशमस्कऱ्या कसे म्हणावे?

त्याचे वाद्यही पाहावे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, वर लांब दांडा आणि एकवीस तारा. दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या एवढ्यांनीच वाजवायचे. अंगठे खालचा ठेका धरतात, तर्जन्या वर स्वरांची नक्षी काढतात, आणि ऐकणाऱ्याला दोन-तीन वादक बसले असावेत असे वाटते. हा कोरा. मुलगा बापाजवळ किंवा काकाजवळ वर्षानुवर्षे बसून तो शिकतो. ठरावीक रचना आहेत, त्या खुलविण्याच्या घराणेनिहाय रीती आहेत. आपल्याकडे असे काही असते तेव्हा आपण आदराने त्याला शास्त्रीय संगीत म्हणतो. समुद्रापलीकडे गेले की तेच 'लोकसंगीत' होते!

हा भेद केवळ शब्दांचा असता तर मी शाई खर्ची घातली नसती. 'लोक' म्हटले की कर्ता नाहीसा होतो. कर्ता नसला की मानधन द्यावयाचे कोणाला? राष्ट्रगीतांचाच दाखला घ्या. मालीच्या राष्ट्रगीताची चाल बांझुमाना सिसोको या अंध जेलीची. तेथे निदान नाव आहे. गांबियाचे राष्ट्रगीत फोदे काबा दुंबुया यांच्यावरील जुन्या मांदिंका गीतावर बेतलेले आहे. १९६५ साली ते नव्याने बसविणारे जेरेमी हाउ यांचे नाव नोंदले गेले. मूळ गीतापुढे 'पारंपरिक' एवढाच शब्द. सेनेगलची तऱ्हा तर और. तेथील राष्ट्रगीत कवी-राष्ट्राध्यक्ष लेओपोल सेंगोर यांनी लिहिले. पहिल्याच ओळीत कोरा व बालाफोन यांना साद आहे, आणि चाल मात्र एर्बेर पेपेर या फ्रेंच संगीतकाराची! सेंगोर आपल्यापैकीच, सेमिनरीत काही काळ शिकलेले कॅथलिक. आफ्रिकी संस्कृतीचा अभिमान त्यांच्याइतका क्वचितच कोणी मिरविला असेल.

परक्यांनाच दोष देऊन सुटणेही बरे नव्हे. सेनेगलमधील काही समाजांत जेली मेला तर त्याला भूमीत पुरत नसत. जमीन नापीक होईल ही समजूत. बाओबाब वृक्षाच्या पोकळ बुंध्यात त्याचे प्रेत ठेवीत. ज्याने साऱ्या गावाचे पूर्वज जिवंत ठेवले, त्याला गावची साडेतीन हात माती नाकारली गेली. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली होती.

कोणी म्हणेल, गुण असतील तर कीर्ती येतेच. तुमानी दियाबाते यांना नाही का मिळाली? मिळाली. २००६ साली अली फार्का तुरे यांच्यासह त्यांना ग्रॅमी पुरस्कार लाभला आणि २०२४ साली ते निवर्तले तेव्हा जगभर हळहळ झाली. पण तुमानींचे वडील सिदिकी दियाबाते आणि जेलिमादी सिसोको यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका १९७० सालची आहे. ती किती जणांनी ऐकली? १९८७ साली लंडनमधल्या एका मद्यगृहात काही ध्वनिमुद्रिका-व्यावसायिक जमले आणि दुकानातल्या एका कप्प्यासाठी त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव पक्के केले. त्या कप्प्यात एका वेळी एक-दोनच चेहरे मावतात. बाकीच्यांनी लग्ना-बारशांत वाजवावे, आणि तेथेही आता ध्वनिवर्धकावर फीत लागते.

आपल्या घरातलेही सांगितले पाहिजे. सेनेगलमधील केर मुसा येथील बेनेडिक्टाइन मठाने १९६० च्या दशकापासून उपासनेत कोरा आणला, त्याला सुरात लावण्यासाठी खुंट्या बसविल्या. व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संगीताला दिलेल्या मानाचे ते सुंदर फळ, यात शंका नाही. परंतु हे वाद्य ज्यांच्या घरांत वाढले ते जेली बहुतांशी मुसलमान आहेत. कोऱ्यावरील स्तोत्रे आपण कौतुकाने ऐकवितो, तेव्हा ही गोष्ट गाळण्याचे कारण काय?

मागणे फार मोठे नाही. ध्वनिमुद्रणावर 'पारंपरिक' या शब्दाशेजारी वादकाचे, त्याच्या गुरूचे व गावाचे नाव असावे. उत्पन्नातला वाटा त्याच्या घरी जावा. कोरावादक सोना जोबार्तेह यांनी गांबियात मुलांसाठी शाळा काढली आहे. पुरस्कारांच्या निम्मा पैसा अशा शाळांकडे वळला तरी पुष्कळ होईल. आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी 'भाट' खोडून तेथे 'घराणे' लिहावे. तो शब्द आपल्याजवळ आहे, आणि त्याला एक पैही पडत नाही.